कापसातल्या खळग्याची गोष्ट

भुताखेतांच्या गोष्टी मला आवडत नाहीत. तरुणपणी आवडत नव्हत्या, सत्तरी ओलांडली तरी आवडत नाहीत, आणि पुढे आवडायला लागतील अशी चिन्हं नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर ही हकीकत वाचून कुणीतरी म्हणेल की म्हातारपणी मास्तरांचं मन पालटलं. पालटलेलं नाही. मी एका बाईच्या गोष्टीवर चुकीचा शेरा मारला आणि तो तिला आयुष्यभर पुरला, एवढंच सांगायचं आहे. 

आदिलाबाद जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता. मंडलं नुकतीच झाली होती, जुनी माणसं अजून तालुकाच म्हणायची. जैनथच्या अंगाला, पैनगंगेपासून फार लांब नसलेल्या एका गावात मी मराठी शाळेवर मास्तर होतो. तिशी ओलांडली तरी लग्न व्हायचं होतं. एका कापूसवाल्या शेतकऱ्याच्या घरात खोली भाड्याने घेतली होती. माझी खोली आणि त्यांची मधली खोली यांच्यामध्ये एक दार होतं आणि त्याची कडी माझ्या बाजूने होती. वेचणी सुरू झाली की त्या मधल्या खोलीत कापूस येऊन पडायचा. पौषापर्यंत तो आढ्याला टेकायचा. भाव चढेपर्यंत घरात ठेवायचा, ही आमच्याकडची रीतच आहे. घरातली पोरं त्यावर लोळायची आणि माझ्या कपड्यांवरही पांढरे धागे असायचे.

आम्ही सात-आठ जण होतो. सगळे शेतमजुरांची मुलं, शिकून कुणी मास्तर झालेले, कुणी कारकून. दरवर्षी एप्रिलातल्या जयंतीला आम्ही एक हस्तलिखित काढायचो. एकच प्रत, चांगल्या अक्षरात उतरवलेली. ती महिनाभर विहारात टेबलावर दोऱ्याने बांधून ठेवलेली असायची आणि येणारा-जाणारा वाचायचा. संपादक मी, कारण माझं अक्षर वळणदार आणि जीभ तिखट. लोकांनी दिलेल्या लिखाणावर मी लाल शाईने शेरा लिहायचा आणि तो बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, असा आमचा शिरस्ता होता. तोंडदेखलं कौतुक करायचं नाही, याचा आम्हाला फार अभिमान होता. माझ्या शेऱ्यांनी दोन-तीन जणांनी लिहिणं सोडलं होतं आणि मला त्याचंही काही वाटलं नव्हतं.

त्या वर्षी माघातल्या एका रविवारी मंडल ऑफिसातला एक कारकून, माझा चांगला दोस्त, बायकोला घेऊन माझ्या खोलीवर आला. टॉवेलात गुंडाळलेली वही त्याने खाटेवर ठेवली. दोनशे पानी, जवळजवळ भरत आलेली.

"मास्तर, हे लिवून राह्यली," तो म्हणाला. "सैपाक झाला का लिवते, पोट्टे शाळेत गेले का लिवते. काऊन लिवते म्हनलं तर सांगत नाई. आता तुमीच पाहा. चांगलं असन तर लिवू द्या, मी आडवा येत नाई. नसन तर वही बंद. तुमचा फैसला मले मंजूर."

वहिनी दारातच उभ्या होत्या. बेला गावाकडच्या, सातवी शिकलेल्या. नवऱ्याने फैसला हा शब्द उच्चारला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं.

"सवडीनं वाचजा, सर," त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

जेवण करून मी दुपारीच वही उघडली. बाहेर लख्ख ऊन होतं, अंगणात घरमालकीण मिरच्या वाळत घालत होती. पहिलीच गोष्ट एका नव्या सुनेची होती. ती लग्न होऊन सासरी येते तेव्हा मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस असतो. पहिल्याच सकाळी तिला त्या ढिगात वरच्या बाजूला एक खळगा दिसतो, कुणी कुशीवर झोपून उठावं तसा. ती हाताने कापूस सारखा करते. दुसऱ्या सकाळी खळगा पुन्हा असतो. ती सासूला विचारते. सासू म्हणते, मांजर असन. त्या घरात मांजर नसतं. जेवायच्या वेळी घरातल्या माणसांपेक्षा एक ताट जास्त वाढलं जातं. सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत त्या ताटाकडे कुणी पाहत नाही, मग सासू ते उचलून गाईपुढे ठेवते. सून नवऱ्याला विचारते, तेव्हा तो तिला कापसाचा भाव सांगतो. मग विक्री सुरू होते. गाड्या भरून जातात, ढीग उतरत जातो आणि त्याच्याबरोबर खळगाही खाली येतो. शिवाय तो रोज थोडा सरकतो, सुनेच्या खोलीच्या दाराकडे. शेवटी एके दिवशी उरलेला कापूस गाडीत भरला जातो. रिकामी खोली ती स्वतः झाडते आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिला मोकळं वाटतं. तेवढ्यात अंगणातून सासू ओरडून सांगते, "थोडा राखून ठेवला हाये वं, तुह्या गादीले."

तिथे गोष्ट संपली होती.

मी वही मिटली. मिरच्यांचा तिखट वास नाकात जात होता, पोरं गलका करत होती, दिवसाढवळ्या सगळं जागच्या जागी होतं. तरी मी उठलो आणि त्या मधल्या दाराची कडी नीट लागली आहे का ते पाहिलं. कडी लागलेली होती. मग मी खाट उचलून समोरच्या भिंतीला नेली. हे करताना मला स्वतःचा इतका राग आला की विचारू नका. पस्तिशीतला मास्तर, पोरांना विज्ञान शिकवणारा, आणि खाट सरकवतो! तो राग मी वहीवर काढला. पुढची पानं उलटूनसुद्धा पाहिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मधल्या खोलीचं मालकाच्या बाजूचं दार उघडं होतं म्हणून सहज आत नजर गेली. ढिगात खळगा होता. वरच्या बाजूला, लांबट.

"मालक, कापसात काही जनावर-बिनावर तर नाही ना शिरलं?" मी विचारलं.

"पोट्टे लोळतेत ना, मास्तर," ते हसून म्हणाले. "खळगा पडनच."

बरोबरच होतं. कापूस म्हटला की खळगा पडणारच, मी तो लहानपणापासून पाहत आलो होतो. पण आता तो मला रोज दिसायला लागला. त्याच पंधरवड्यात भाव चढला आणि अंगणात आदिलाबादच्या बाजाराला जाणाऱ्या गाड्या लागायला लागल्या. ढीग उतरू लागला. मी सकाळी त्या दाराकडे पाठ करून चहा प्यायचो आणि शाळेला मागच्या बाजूने जायचो. खळगा खाली आला आहे का, कुठे सरकला आहे, हे मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, निदान भीती तरी गेली असती.

आता माझ्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. भूतप्रेत, जादूटोणा यांच्याशी माझं वैर काही पुस्तकी नव्हतं. मी लहान असताना आमच्या गावात कुणाच्या दोरीवरचे कपडे जळाले, कुणाची म्हैस आटली, आणि लोकांनी ठरवलं की माझी आत्या भानामती करते. करणी करणाऱ्या बाईचे पुढचे दात पाडले की तिला मंत्र उच्चारता येत नाहीत, असं तिकडे मानायचे. तिचे दोन दात दगडाने पाडले. त्यानंतर ती आमच्याच घरात राहिली आणि मरेपर्यंत तोंडावर पदर धरून बोलली. तेव्हा करणीच्या आणि भुताच्या गोष्टी ऐकून ज्यांची करमणूक होते त्यांची होवो, माझी होत नाही. आमच्या मंडळींतही प्रत्येकाच्या घरात असं काही ना काही होतं. आम्ही भूत मानत नव्हतो, म्हणून भुताची गोष्टही मानायची नाही, असं आमचं सरळ गणित होतं.

बैठक विहाराच्या ओसरीवर झाली. ढीग तोवर कमरेइतका उरल्याचं मालकांकडून कळलं होतं आणि मला धड झोप लागत नव्हती. वहीच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने लिहिलं होतं ते वाचलं: "अंधश्रद्धेला खतपाणी घालणारे लेखन. भाषा अशुद्ध. वाङ्मयीन मूल्य नाही. नापसंत."

या चार वाक्यांतलं एकही वाक्य त्या गोष्टीबद्दल नव्हतं. पहिलं माझ्या आत्याबद्दल होतं, दुसरं माझ्या मास्तरकीबद्दल. तिसरं तर शुद्ध खोटं होतं. मला भीती वाटली, असं लिहायला हवं होतं. ते लिहायची लाज वाटली म्हणून वाङ्मयीन मूल्याला मध्ये घातलं.

एकाने भीत भीत विचारलं, "पन सर, वाचताना भेव वाटते का?"

"तुम्हाला वाचायची गरज नाही," मी म्हणालो. "मी वाचली आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा दोस्त शेवटी बसला होता. तो उठला, वही घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि म्हणाला, "मंजूर." त्याच्या तोंडावर राग नव्हता. उलट एक कटकट मिटल्याचं समाधान होतं.  मी तेव्हाही बोलू शकलो असतो. मी पुढची वही उचलली.

ती पुढची वही आमच्यातल्याच एका मास्तराची होती. त्याच्या कथेतला गरीब मुलगा दिव्याखाली अभ्यास करतो, अधिकारी होतो, गावात परत येऊन दारूचं दुकान बंद करतो आणि शेवटी एक भाषण देतो. मी शेरा लिहिला होता, "उत्कृष्ट." त्या कथेतलं प्रत्येक वाक्य माझं स्वतःचं मत होतं, ते मला आवडणारच होतं! जयंतीनंतर महिनाभराने हस्तलिखित परत आणलं तेव्हा विनोदाची आणि गाण्यांची पानं बोटांनी काळी पडली होती. त्या कथेची पानं कोरी करकरीत होती.

बैठकीनंतर दोन आठवड्यांनी दोस्त बाजारात भेटला.

"वहिनी बऱ्या आहेत ना?" मी विचारलं.

"एकदम बऱ्या," तो खुशीत म्हणाला. "वही भिजू घातली तिनं. मेथी वाटून घातली आन् मस्त टोपलं केलं. दाळीले कामी आलं."

आमच्याकडे बायका जुन्या कागदाच्या लगद्याची टोपली करतात, त्यात नवल काही नाही. मी बरं म्हणालो आणि भाजी न घेताच परत आलो. घरी आलो तर मधली खोली रिकामी झाली होती. शेवटची गाडी दुपारी गेली होती. मालकीण खराटा घेऊन खोली झाडत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. मी तिथे उभा राहू शकलो नाही. महिन्याच्या आत मी दुसरीकडे खोली पाहिली.

पुढे बदली झाली, निर्मल गावाकडे गेलो, लग्न झालं. पहिल्याच वर्षी बायकोने गाद्या भरून घ्यायला पिंजाऱ्याला बोलावलं, तर मी कापूस महाग आहे म्हणून त्याला परत पाठवलं. ती म्हणाली, असा कसा चिक्कू माणूस पदरी पडला. मी चिक्कूपणा पत्करला. तोवर ती "उत्कृष्ट" कथा मी साफ विसरलो होतो. त्या मुलाचं नाव काय, भाषण काय, काही आठवेना. आणि त्या बाईच्या गोष्टीतली सासू मात्र माझ्या घरात रोज एक ताट जास्त वाढत होती.

आपण बरोबर होतो हे सिद्ध करण्यासाठी मी बसस्टँडवर मिळणाऱ्या भयकथांची पुस्तकं वाचायला लागलो. पुरावा गोळा करतो म्हणा ना. शंभरातली नव्वद टाकाऊ निघाली आणि मी खूश झालो. अमावस्या, पैंजण, किंकाळ्या. दर दोन पानांनी लेखक आपल्याला घाबरा म्हणून सांगतो आणि आपल्याला जांभई येते. पण ती टाकाऊ का आहेत हे स्वतःला समजावायला बसलो, की प्रत्येक वेळी नको ते समोर यायचं. त्या बाईच्या गोष्टीत यातलं काहीच नव्हतं. रात्र नव्हती, किंकाळी नव्हती. जे होतं ते आमच्या प्रत्येक घरात असतं: कापूस, ताट, गादी. नवरा कापसाचा भाव सांगतो, त्या एका उत्तरात तिने तो अख्खा माणूस उभा केला होता. आणि कोण झोपतं तिथे, ते ती शेवटपर्यंत सांगत नाही. मला ते न सांगणं आवडलं नव्हतं. पण मला आवडलं नाही हे एक वाक्य आणि हे चांगलं नाही हे दुसरं वाक्य. दोन्हींच्या मध्ये मी उभा राहायला हवं होतं, तेवढ्यासाठीच मला संपादक केलं होतं.

आणखी एक गोष्ट फार उशिरा कळली आणि तिने मला आडवं केलं. सगळ्या घराला ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही, ही त्या गोष्टीतली खरी भीती होती. माझ्या आत्याचे दात पडले त्या दिवशी आमच्या गल्लीत हेच झालं होतं. दारं उघडी होती, लोक आपापली कामं करत होते. दारूचं दुकान बंद करणाऱ्या त्या अधिकाऱ्याच्या कथेत त्यातलं काही आलं नव्हतं. त्या बाईच्या गोष्टीत सगळं आलं होतं, आणि आत्याचं नाव घेऊन मी तीच नापास केली.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, वेगळ्या राज्याचं आंदोलन जोरात होतं, बस कधी चालू कधी बंद, अशा दिवसांत मी आदिलाबादला माझ्या त्या कारकून दोस्ताच्या घरी गेलो. दोस्त रिटायर झाला होता, खुर्चीत पेपर घेऊन बसला होता. वहिनी खाटेवर पाय खाली सोडून परातीत तुरीची डाळ निवडत होत्या. केस पांढरे झाले होते. मी चहा येईपर्यंतही थांबलो नाही.

"वहिनी, तुमची ती गोष्ट चांगली होती," मी म्हणालो. "मला आवडली नव्हती. पण चांगली होती. मी दोन्हींत घोळ केला. माझं चुकलं."

"कोनती गोष्ट, सर?"

मला वाटलं टोमणा आहे, आणि तो खायला मी तयार होतो. पण टोमणा नव्हता. त्यांच्या कपाळाला खरोखरच आठी पडली होती. "लिवत होती एवढं ध्यानात हाये," त्या म्हणाल्या. "काय लिवलं होतं ते नाई राह्यलं. तीस वरीस होत आले ना."

मग मी सांगितली. कापसाच्या ढिगापासून सुरुवात केली. वाक्यं आपोआप येत गेली, तिच्याच क्रमाने, तिच्याच शब्दांत. मी एकही बदलू शकलो नाही. मांजराशी आलो तेव्हा डाळ निवडणारा हात थांबला. ताटाशी आलो तेव्हा दोस्ताने पेपर खाली ठेवला. सासूचं शेवटचं वाक्य मी म्हटलं. वहिनींनी दोन्ही पाय खाटेवर ओढून घेतले.

"बाप्पा!" त्या हळूच म्हणाल्या. "हे म्या लिवलं?"

"तुम्हीच."

त्या हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. चेहऱ्यावर भीती होती आणि त्या भीतीचा आनंद होता. त्यांनी परात बाजूला सारली.

"अजून होत्या ना त्या वहीत? पाच का सा होत्या," त्या भराभरा बोलायला लागल्या. "एक नदीवरची होती, डोंग्यातली. एक शाळेची होती. काय होतं हो त्याच्यात? सांगजा ना, सर. तुमाले तर शब्दन् शब्द याद हाये."

"सांगा मास्तर," दोस्तही म्हणाला. तो खुर्ची ओढून जवळ आला होता.

मी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला. दोघं माझ्या तोंडाकडे बघत होती.

"वहिनी, मी ती पहिलीच वाचली होती," मी म्हणालो. "बाकीच्या वाचल्या नाहीत."

 त्यांनी परात परत मांडीवर घेतली.

"मंग त्या आता कोनालेच मालूम नाईत," त्या म्हणाल्या.